कुत्र्याचा चौथा पाय

१८६० साली संमत झालेल्या आणि १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेत प्राण्याच्या पायाची किंमत ठरवून दिलेली होती. दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या प्राण्याला जो ठार मारील, विष घालील, विकलांग किंवा निरुपयोगी करील, त्याने ‘आगळीक’ केली असे समजून त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास देता येईल, असे कलम ४२८ सांगत होते. पुढच्याच कलमात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय अशी नावे येतात. त्यांची किंमत काहीही असो, शिक्षा पाच वर्षांपर्यंतची. बाकीच्या प्राण्यांना या वरच्या वर्गात बसायचे तर किंमत पन्नास रुपये हवी. कुत्र्याचे नाव दोन्ही कलमांत नाही. साहेबाच्या शिकारी कुत्र्याला पन्नास रुपयांची पायरी सहज चढता येत असेल. बाजारातल्या कुत्र्याचे दहा रुपये कोणी देणार नव्हते, कारण त्याला कोणी विकतच घेत नव्हते. त्याचा पाय कोणी कुऱ्हाडीने तोडला, तरी या कलमांच्या भाषेत काहीच घडलेले नव्हते.

‘आगळीक’ हा शब्दही थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. इंग्रजीतल्या ‘मिस्चिफ’साठी मराठी कायदेभाषेने तो निवडला. व्यवहारात आगळीक म्हणजे मर्यादा सोडून केलेली आगाऊ कृती, नसती खोडी. कायद्यात मात्र तिचा अर्थ मालमत्तेचे नुकसान असा होतो. पाय जातो प्राण्याचा आणि नुकसान होते मालकाचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने किमतीची अट काढून टाकली, तिच्या कलम ३२५ मध्ये आता कोणताही प्राणी येतो. परंतु गुन्ह्याची जागा बदललेली नाही. तो अजूनही मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणातच आहे.

तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्याचा इतिहास लिहायचा तर या कलमांपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. लंगडा कुत्रा सर्व काळी होता. आखडलेला किंवा वाळून लोंबणारा पाय घेऊन उकिरड्यापाशी घुटमळणारे कुत्रे आपल्या बोलीत आणि कथांत हवे तितके सापडेल. माझा विषय तो नव्हे. पाय शस्त्रक्रियेने काढलेला आहे, जखम भरून वर केस आले आहेत, कुत्रा तीन पायांवर धावतो आहे आणि दरवर्षी लस टोचायला त्याला कोणीतरी दवाखान्यात नेते आहे, असा कुत्रा हा आधुनिक प्राणी आहे. तो अस्तित्वात येण्यासाठी भूल लागते, निर्जंतुक शस्त्रक्रिया लागते, क्ष-किरण लागतात आणि कुत्र्याला रुग्ण मानणारा वैद्य लागतो. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत उशिरा आली.

कुत्र्याच्या पायाचा याहून फार जुना हिशोब पारशांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात आहे. त्याचा तेरावा फर्गर्द, म्हणजे अध्याय, जवळजवळ संपूर्ण कुत्र्यांविषयी आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याचा कान किंवा पंजा कोणी तोडला आणि त्यामुळे कळपात चोर अथवा लांडगा शिरला, तर त्या माणसाने गेलेल्या मालाची भरपाई करावी आणि शिवाय कुत्र्याला झालेल्या जखमेचे प्रायश्चित्त वेगळे घ्यावे, असा तिथला नियम आहे. म्हणजे नुकसान दोन ठिकाणी झाले आहे, एक मालकाच्या कळपात आणि दुसरे कुत्र्याच्या अंगात. दंडसंहितेला हे दुसरे खाते उघडता आले नाही. याच फर्गर्दात पुढे वेड लागलेल्या कुत्र्याचा प्रश्न येतो. त्याच्या गळ्यात लाकडी लोढणे अडकवावे आणि श्रद्धावान माणसावर उपचार करावेत तसे त्याच्यावर करावेत, असे अहुर मझ्द सांगतो. कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यालाही शिक्षा आहे. यात उपयुक्ततेचा विचार नाही असे मुळीच नाही. कळपाचा कुत्रा, घराचा कुत्रा आणि भटका कुत्रा अशी उतरंड आहेच. पण भटक्या कुत्र्यालाही त्या उतरंडीत जागा आहे, हे महत्त्वाचे.

या ग्रंथाला मानणारा समाज मुंबईत धनाढ्य आणि संख्येने डोळ्यांत भरण्याजोगा झाला, त्याच काळात कंपनी सरकारने भटके कुत्रे मारण्याचे नियम केले. १८१३ पासून वर्षाच्या ठराविक काळात कुत्री मारली जात. १८३२ मध्ये ती मुदत वाढवण्यात आली. दर कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळत असल्याने ते घराच्या ओट्यावरची, दारातली पाळलेली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कुत्री मारत हिंडणाऱ्या शिपायांवर पारशांनी फोर्टात हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, इतर समाजही सामील झाले, गोऱ्या पलटणीला जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडला. लष्कर बोलवावे लागले आणि काही जणांना तुरुंगवास झाला. मुंबई शहरातला हा आधुनिक काळातला पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक, आणि तो कुत्र्यांवरून झाला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. इतिहासकारांनी त्याचे अर्थ लावताना पारशी शेटियांचे सरकारशी असलेले संबंध, जमातीतले नेतृत्व, पोलिसी अधिकारांची मर्यादा यांवर भर दिला आहे, आणि तो बरोबरच आहे. मला त्यातली एक साधी गोष्ट वेधक वाटते. मृत्यूनंतर कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी, या ‘सगदीद’ विधीमुळे पारशांना रस्त्यावरच्या कुत्र्याची गरज होती. त्याला मालक नव्हता, तरी काम होते.

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती-जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात पांजरापोळ उभी राहिली. कुत्री मारण्यापेक्षा ती एके ठिकाणी ठेवावीत, हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. पांजरापोळ ही मुंबईची निर्मिती नव्हे. गुजरातेत ती आधीपासून होती. या संस्थेत दयेचा अर्थ ‘न मारणे’ असा आहे. आयुष्य ज्याचे त्याने पुरे करावे, आपण फक्त चारा, पाणी आणि छप्पर द्यावे. इंग्रज निरीक्षक पांजरापोळींत जात, सडणाऱ्या जखमांची, हाडे निघालेल्या बैलांची वर्णने लिहीत आणि याला दया म्हणावे काय, असा प्रश्न विचारीत. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मात्र तो विचारणाऱ्यांच्या मनात पर्यायी उत्तर तयार होते, आणि ते म्हणजे बंदुकीची गोळी. जखम बरी करणे हा तिसरा मार्ग त्या वादात दोन्ही बाजूंना फार दिवस सुचलेला दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी इथे आपल्याही घरात डोकावून पाहावे. महाभारताच्या आरंभी, पौष्यपर्वात, जनमेजयाच्या यज्ञस्थळी सरमेच्या पिलाला त्याचे भाऊ विनाकारण मारतात. पिलू रडत आईकडे जाते, आई जाब विचारते, उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देते. ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याशिवाय स्वर्गात जायचे नाकारतो. रामायणाच्या उत्तरकांडातल्या, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या भागात डोके फुटलेला एक कुत्रा रामाच्या दरबारात फिर्याद घेऊन येतो. सर्वार्थसिद्ध नावाच्या ब्राह्मणाने काठी मारलेली असते. शिक्षा काय द्यावी हेही कुत्राच सुचवतो: याला कालंजरच्या मठाचा कुलपती करा. कथा विनोदी आहे, आणि मठांच्या कारभारावरचे तिचे भाष्य मर्मभेदी आहे. परंतु त्या फुटलेल्या डोक्यावर कोणी औषध लावल्याचा उल्लेख कथेत येत नाही. कुत्र्याला न्याय मिळतो, पट्टी मिळत नाही. युधिष्ठिराचा कुत्रा तर कुत्रा नव्हताच, धर्म होता. नामदेवांच्या आख्यायिकेत पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावायचे ते त्याच्यात विठ्ठल दिसतो म्हणून. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे हे चार वेद, आणि खंडोबाचे वाघ्ये कोटंब्यातून खाताना, भुंकताना जे होतात ते देवाचे श्वान. आपल्या परंपरेने कुत्र्याला पुष्कळ काही होऊ दिले, नुसता कुत्रा मात्र फारसे राहू दिले नाही.

पाय तुटलेल्या प्राण्याची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा भागवताच्या प्रथम स्कंधात आहे, आणि ती बैलाची आहे. परीक्षिताला वाटेत एका पायावर उभा असलेला बैल दिसतो; राजवेषातला कली त्याला मारतो आहे. बैल म्हणजे धर्म. परीक्षित कलीला आवरतो आणि बैलाचे गेलेले तीन पाय पुन्हा सांधून देतो. त्या तीन पायांची नावे तप, शौच आणि दया. वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमी असे वाटत आले आहे की दया हा पाय आहे ही कल्पना जितकी सुंदर तितकीच गैरसोयीची आहे. रूपकातला पाय एका ओळीत जोडता येतो, त्यामुळे पाय जोडायला किंवा काढायला काय लागते याची चौकशी करायची कोणाला गरज उरत नाही.

चौकशी झाली ती घोड्याच्या आणि हत्तीच्या बाबतीत. शालिहोत्राचे अश्वशास्त्र आणि पालकाप्याचे गजशास्त्र या आपल्याकडच्या प्राणिवैद्यकाच्या दोन मोठ्या शाखा. घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणतात ते शालिहोत्रावरूनच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. ते शिकारीच्या करमणुकीचे. युरोपातही वेगळे नव्हते. ल्यों येथे १७६१ मध्ये स्थापन झालेली जगातली पहिली पशुवैद्यक शाळा गुरांच्या साथीच्या रोगांच्या धास्तीतून निघाली. हिंदुस्थानात पहिली शाळा १८६२ मध्ये पुण्यात निघाली, ती लष्करासाठी, म्हणजे घोड्यांसाठी.

मुंबईत १८७४ साली दोन गोष्टी झाल्या. घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी स्थापन झाली. दोन्हींचा थेट संबंध जोडण्याचा मोह मी आवरते; पण ओझ्याने, उन्हाने आणि चाबकाने खचलेली जनावरे रस्त्यावर रोज दिसत होती, हे खरेच. पुढे १८८३ च्या सुमारास परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरापोळीपासून परळपर्यंतचे अंतर फार नाही, तरी कल्पनेच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे. पांजरापोळीत जनावर राहायला येते. रुग्णालयात ते परत जाण्यासाठी येते. भरती, निदान, उपचार, घरी रवानगी हा क्रम प्राण्यासाठीही असू शकतो, हे परळने शहराला दाखवले.

कुत्र्याला या क्रमात जागा हळूहळू मिळाली. खेड्यापाड्यांत ती अजून शब्दांतही नाही. सरकारी पाटीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ असे लिहिलेले असते, आणि लोक त्याला ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात. आवारात लोखंडी खोडा असतो, त्यात बैल उभा करता येतो. कुत्रा उभा करता येत नाही. कुत्र्याचा सरकारशी जो संबंध आला तो निराळ्या वाटेने आला. पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस माणसाला दिली, १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली, आणि कुत्रा हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. ते आवश्यकच होते. रेबीज झालेला माणूस वाचत नाही, आणि आपल्याकडे या रोगाने आजही माणसे, विशेषतः मुले, मरतात; हे विसरून कुत्र्यावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. पण परिणाम असा झाला की कुत्रा सरकारी कागदावर रोगाचा वाहक म्हणून उतरला. त्याला स्वतःला काही होऊ शकते, ही नोंद करायला रकाना उरला नाही.

आता भूल. इथरचा वापर १८४६ मध्ये बोस्टनला जाहीरपणे झाला, दुसऱ्या वर्षी सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ ची. म्हणजे कुत्र्याचा चिरडलेला पाय वेदनेशिवाय काढणे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तत्त्वतः शक्य झाले होते. त्याच चरणात त्याच बाटलीचा दुसरा उपयोगही निघाला. लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी भटक्या कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढले, ते १८७१ मध्ये बॅटर्सीला गेले. तिथे न नेलेल्या कुत्र्यांना यातनांशिवाय मारता यावे म्हणून बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या डॉक्टरांनी १८८४ मध्ये एक बंद खोली तयार केली. तिच्यात विषारी वायू सोडत, सोबत भुलीचे औषध. हे डॉक्टर क्रूर नव्हते. भूलशास्त्राचे जाणकार होते, प्राणिमित्र होते. वेदना हेच ज्याला सर्वांत मोठे पाप वाटते, त्याच्या दृष्टीने वेदनारहित मरण हे पुण्यच ठरते. पांजरापोळीला मरण हे पाप वाटत होते, म्हणून वेदना दिसत नव्हती. दोन दया एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या.

रिचर्डसनची खोली आपल्या कायद्यात येऊन बसली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ मध्ये मांडलेल्या खाजगी विधेयकाच्या प्रेरणेतून १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. त्यात प्राण्याला विकलांग करणे हा गुन्हा आहे, मालकी आणि किंमत यांची अट नाही. ही फार मोठी गोष्ट होती. परंतु त्याच कलम ११ मध्ये पुढे अपवाद आहेत, आणि त्यांत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या बंद खोलीचा नावानिशी उल्लेख आहे. शिवाय पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. १८६० मध्येही दहा आणि पन्नास हेच आकडे होते; तेव्हा ती प्राण्याची किंमत होती, आता ती अपराधाची झाली. मुंबई महापालिकेने कुत्री मारणे थांबवले ते १९९४ मध्ये. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण करून, लस टोचून कुत्रा मूळ जागी सोडावा असे ठरवले, आणि असाध्य आजारी किंवा मरणासन्न जखमी कुत्र्याला वैद्याच्या निदानानंतर वेदनारहित मरण द्यावे असेही. २०२३ च्या नव्या नियमांनी ही चौकट थोडी विस्तारली. सशक्त कुत्र्याने रस्त्यावर जावे, मरणासन्न कुत्र्याने इंजेक्शन घ्यावे. मधला जो आहे, जो उपचाराने जगेल पण उपचारासाठी ज्याला आठवडे आणि पुढे वर्षे लागतील, तो कोणाच्या तरी ओळखीवर अवलंबून राहतो.

हे ‘अवलंबून राहणे’ कसे असते ते आमच्या महाविद्यालयात मला जवळून पाहता आले, म्हणून थोडे सांगते. आवारात राणी नावाची कुत्री होती. पाण्याचा टँकर मागे घेताना तिच्या डाव्या पुढच्या पायाला धक्का बसला. हाड मोडले नव्हते, पण खांद्याजवळची मज्जातंतूंची जुडी तुटली होती. पंजा उलटा पडून फरपटत होता, संवेदना नव्हती, आणि फरशीवर घासून घासून जखम हाडापर्यंत गेली. पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडल्या. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टर्पेंटाइन लावून अळ्या काढल्या, मलमपट्टी केली, आणि स्पष्ट सांगितले की हा पाय ठेवला तर उरलेल्या कुत्रीलाही घेऊन जाईल. काढायची सोय मात्र त्यांच्याकडे नव्हती. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. कागद भरताना तिथल्या डॉक्टरांनी विचारले,

“मालक कोण?”

“कोणी नाही. कॉलेजची आहे.”

“मॅडम, भूल द्यायची आहे. कॉलेज सही करत नाही, माणूस करतो.”

ग्रंथालयाच्या मामांनी पेन घेतले आणि रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. एखाद्या कायद्याने जे दीडशे वर्षांत केले नाही ते अर्ध्या मिनिटात झाले. अर्थात खर्चाचे काय, हा प्रश्न उरला आणि तो शिक्षकांच्या वर्गणीतून सुटला.

पाय खांद्याच्या पात्यासकट काढतात. कोपरापर्यंतचा ठेवला तर कुत्रा त्यावर टेकू पाहतो आणि जखम पुन्हा उघडते. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे मागचा पाय गेल्यापेक्षा पुढचा जाणे अवघड. तरीही राणी दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि टाके निघेपर्यंत चालू लागली होती. तोवर जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा होता. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम दिले. घरातली गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला कदापि देऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले, कारण तिने आतड्याला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

या मेलॉक्सिकॅमलाही एक इतिहास आहे. गुरांना सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जात होते. १९९० नंतरच्या दशकात गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या, कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. त्याला सुरक्षित पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. गिधाडे गेली तेव्हा मुंबईतल्या पारशांच्या दखम्यांचा प्रश्न उभा राहिला आणि उघड्यावर पडलेल्या मांसावर कुत्र्यांची संख्या वाढली, असे अभ्यासक मांडतात. वेंदिदादने कुत्रा आणि गिधाड यांना अंत्यविधीत एकत्र आणले होते. वेदनाशामकाने त्यांना पुन्हा एकत्र आणले, वेगळ्या हिशोबात.

शस्त्रक्रियेनंतरची देखभाल वर्षानुवर्षे चालते, आणि तिच्यात वीररसाला फारसा वाव नाही. वजन हा पहिला शत्रू. विद्यार्थी वडापाव आणि बिस्किटे घालतात, आणि प्रत्येक जादा किलो उरलेल्या एका पुढच्या पायाच्या सांध्यांवर पडतो. कॅन्टीनमध्ये सूचना लावावी लागली. गुळगुळीत फरशीवर तीन पाय घसरतात, म्हणून तिच्या रोजच्या वाटेवर जुनी सतरंजी आणि गोणपाट टाकले. नखे सारखी झिजत नाहीत, ती कापावी लागतात. पंजाच्या गादीला भेगा पडतात. एका बाजूच्या कानामागे आता तिला खाजवता येत नाही, आणि गोचिडी नेमक्या तिथेच बसतात. दरवर्षी रेबीजची लस, वय वाढेल तशी सांध्यांची तपासणी. रिक्षावाले लंगडा कुत्रा म्हटले की नकार देतात. एकाने मात्र पहिल्या खेपेनंतर स्वतःचा फोन नंबर दिला आणि पुढे तोच येत राहिला. दवाखान्यातली फाइल मामांच्या नावावर होती, ती तशीच राहिली.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतली भटकी कुत्री हलवून, निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर त्यांना निवाऱ्यात ठेवावे, पुन्हा त्याच जागी सोडू नये, असा आदेश दिला. त्यामागे चावे घेतले गेलेल्या मुलांचे दुःख होते, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या पालकांनी आमच्याकडेही तक्रारी केल्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. आदेशाच्या भाषेत कुत्रा हा एकच शब्द आहे, आणि तिथे तसे असणे स्वाभाविक आहे. राणी कोणाला चावलेली नव्हती, पण ती ‘आवारातली’ होती. निवाऱ्यात चार पायांच्या कुत्र्यांच्या झुंडीत तीन पायांच्या कुत्रीला अन्नाच्या भांड्यापर्यंत पोचता येईल का, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला. एका सहकाऱ्याने पांजरापोळीचे नाव सुचवले, दुसऱ्याने इंजेक्शनचे. दोघेही मनापासून बोलत होते.

मामा बैठकीला नव्हते. त्यांना ती असण्याची पद्धत नाही. त्याच संध्याकाळी ते राणीला घरी घेऊन गेले. फाइल त्यांच्या नावावर होतीच, तीच मालकीचा पुरावा म्हणून पालिकेत चालली. घर जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला जिना चढणे जमते, उतरणे जमत नाही, कारण उतरताना सगळा भार पुढे येतो. ती वर स्वतः चढते. खाली येताना मामा तिला उचलून घेतात.